यादीतलं शेवटचं गाणं

आमच्या घरातला कॉम्प्युटर सुरू केला की त्याला दर वेळी वाटायचं, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे. मशीन बंद असताना तारीख-वेळ लक्षात ठेवायला त्याच्या पोटात एक छोटी बॅटरी असते. आमच्या मशीनची बॅटरी मेली होती. ती बोर्डाला डाग देऊन पक्की बसवलेली, त्यामुळे बदलायची म्हणजे अख्खा बोर्ड उचकटून कुणाचे तरी उंबरे झिजवायचे. आज करू, उद्या करू म्हणत ते राहिलं. सुरू करताना काळ्या पडद्यावर एक तक्रार यायची आणि तिच्याखाली सल्ला यायचा, एफ-वन दाबा आणि पुढे चला. आम्ही दाबायचो आणि पुढे जायचो. मी घरात असले तर हातानं खरी तारीख टाकायचे, बाकीच्यांना त्याची गरज वाटत नसे. साल ऐंशी असो नाहीतर नव्व्याण्णव, गाणी तर वाजत होती.

गाणी अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे वडील. नागापूरच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत त्यांनी उभा जन्म काढला, पण केडगावपासून शेवगाव-पाथर्डीपर्यंत त्यांना फौंड्रीतला माणूस म्हणून कुणी ओळखत नव्हतं. त्यांची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, मागे कोरस धरणारी मंडळी आणि पुढे काळ्या कोटातले अण्णा. जयंती असो, लग्न असो, कुणी गेल्यावरचा जलदानाचा कार्यक्रम असो, बोलावणं आलं की पाळी संपवून, हातपाय धुवून, अण्णा कोट घालून निघाले. आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेतला माणूस जागचा हलत नसे. घरात मात्र त्यांचा आवाज निराळा होता. खालच्या पट्टीतला, जरासा खरखरीत, बोलता बोलता हसणारा. लाईट गेली की त्याच आवाजात ते आम्हाला गाणी म्हणून दाखवायचे. स्टेजवरचा आवाज साऱ्या गावांचा होता, हा आमचा होता.

कार्यक्रमाचा शेवट ते नेहमी एकाच गाण्यानं करत. ते त्यांनी स्वतः रचलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या आजीनं घरातले देवाचे टाक आणि तसबिरी टोपलीत भरल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि सीना नदीला नेऊन सोडली, त्या दिवसाचं गाणं. अण्णा तेव्हा लहान होते आणि तिच्या पाठीमागून रडत गेले होते. देव गेले म्हणून नाही, टोपली गेली म्हणून. हे सांगून ते आधी लोकांना हसवायचे आणि मग गाण्यानं रडवायचे.

गावोगावच्या लोकांनी टेप लावून घेतलेल्या कार्यक्रमांच्या कॅसेटींची एक ट्रंक आमच्याकडे जमली होती. मी तेव्हा माळीवाड्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. तिथल्या एका मशीनला टेपची वायर जोडून मी ती ट्रंक कॉम्प्युटरात भरायला घेतली. एक गाणं आत यायला त्या गाण्याएवढाच वेळ, आणि ते दाबून लहान करायला त्याहून जास्त. क्लासचे सर शाळेतून निवृत्त झालेले, देवभोळा आणि भला माणूस. विद्यार्थी गेल्यावर ते माझ्यासाठी मशीन मोकळं ठेवायचे आणि ऐकता ऐकता टेबलावर बोटांनी ठेका धरायचे.

एकाच मशीनवर भरवसा नको म्हणून गाणी तीन ठिकाणी ठेवली. एक क्लासचं मशीन, एक घरचं, आणि एक नागापूरला माझा थोरला भाऊ ज्या कंपनीच्या स्टोअरमध्ये होता तिथलं. एक डिस्क मेली तर दोन राहतील. विचार चांगलाच होता. आता वाटतं, आमचे सगळे विचार चांगलेच होते.

तीन ठिकाणी एकच गोष्ट एकसारखी ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. सुरुवातीला दादा एकदा तोंडभर हसत घरी आला, हातात एक फ्लॉपी. "सगळी गानी आनली. एवढ्याशा फ्लॉपीत बसली बग, तू उगं लई बाऊ करतीस." मी फ्लॉपी लावली. आत फक्त प्लेलिस्ट होती, म्हणजे गाण्यांची नावं आणि ती कुठं ठेवलीत त्याचा पत्ता. लग्नाची पत्रिका आणून वऱ्हाड आणलं म्हणायचं, तसली गत. घरच्या मशीननं एकेक पत्ता शोधला आणि एकेक ओळ नुसतीच पुढे सरकली. अण्णा हसून हसून खोकायला लागले. तो खोकला तेव्हा कुणी मनावर घेतला नाही.

मग आम्ही दुसरा मार्ग काढला. घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्कच स्क्रू काढून बाहेर घ्यायची, टॉवेलात गुंडाळायची, स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि दादानं तो डबा जेवणाच्या डब्याबरोबर नागापूरला न्यायचा. तिथल्या मशीनला जोडायची, दोन्हीकडची गाणी सारखी करायची, परत आणायची. दर पंधरवड्याला ही वारी. दादाला सोपं जावं म्हणून मी एक आज्ञा लिहून दिली होती. एकाच नावाचं गाणं दोन्हीकडे असेल तर मशीननं ते ठेवताना त्याच्यावर टाकलेली तारीख बघायची, नवं ठेवायचं आणि जुन्यावर नवं लिहायचं. दादानं त्याचं ब्रीदच करून टाकलं, "नवं ते खरं."

पावसाळ्याच्या तोंडाला अण्णांचा घसा बसला आणि उठलाच नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि सांगितलं, गाठ आहे, आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आई खुर्चीवर बसली ती उठेना. अण्णा म्हणाले, "पेटी गेली तर ढोलकीवर भागवू." डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं आणि मला त्यांचा भयंकर राग आला. असल्या वेळी माणसानं विनोद करू नये.

बातमी पसरली तशी माणसं भेटायला यायला लागली. आमच्यात भेटायला आलेल्याला मोकळ्या हातानं पाठवत नाहीत. अण्णांनी ट्रंक उघडली. राहुरीचा माणूस आला की राहुरीच्या कार्यक्रमाची कॅसेट त्याच्या हातात, नेवाशाचा आला की नेवाशाची. आई कुरकुरली. अण्णा म्हणाले, "आगं, आता समदं कॉम्प्युटरात हाय की. ट्रंक काय उरावर घिऊन बसायची?" कोऱ्या कॅसेटीसुद्धा गेल्या. त्यांचा माझ्या कॉम्प्युटरवर एवढा विश्वास बघून मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते एकदम म्हणाले, "शेवटचं गानं मला घरात म्हनायचंय. स्टेजवरचं नगं. तुमच्यासाठी म्हंतो तसं." टेप होता, पण त्यात घालायला एक कॅसेट उरली नव्हती. मी क्लासमधून मागून आणलेला माईक उशीवर ठेवला आणि वायर जोडत बसले. दादानं मशीन सुरू केलं. काळा पडदा आला, तक्रार आली, दादानं एफ-वन दाबला आणि पुढे गेला. तारीख टाकायचं त्या दुपारी कुणाच्या डोक्यात येणार?

"सुरू झालं का गं?" अण्णांनी विचारलं.

"झालं, म्हणा."

दुसऱ्याच ओळीला पुणे रोडवर एका ट्रकनं हॉर्न वाजवला, लांबच लांब. मी कपाळाला हात लावला. अण्णांनी हात वर केला, हॉर्नलाच थांबवल्यासारखा. "परत घेऊ, त्यात काय!"

परत घेतलं, तर कुकरची शिट्टी झाली. आईनं धावत जाऊन कुकर उतरवला. "परत घेऊ, त्यात काय!" मग ते स्वतःच एक ओळ विसरले, स्वतःला एक शिवी हासडली आणि पुन्हा तेच, "परत घेऊ, त्यात काय!" फौंड्रीत एखादं कास्टिंग बिघडलं की ते वितळवून पुन्हा ओततात. अण्णांना जगात सगळंच तसं वाटायचं.

शेवटी ते जमलं. ढोलकी नाही, पेटी नाही, कोरस नाही. घसा बसलेला होता, आवाज मधेच फाटत होता, पण तो घरातला होता. आजी टोपली घेऊन चाललीय आणि मागून एक पोरगं रडत चाललंय, हे जणू शेजारी बसून कुणी सांगतंय. आई भिंतीकडे तोंड करून डाळ निवडत होती. डाळ कधीच निवडून झाली होती. गाणं संपल्यावर अण्णा माईककडे बघून म्हणाले, "बास. आता बंद कर, पोरी," आणि तेही आत आलं.

मी पहिले दोन-चार शब्द ऐकून खात्री केली. "सुरू झालं का गं?" अगदी स्वच्छ. अण्णांची अट होती की यादीत शेवटच्या जागी हेच वाजलं पाहिजे, आधीचं ढोलकीवालं नाही. यादी नावावर चालते, म्हणून जुन्याच नावानं आम्ही नवं गाणं ठेवलं. घरच्या मशीनवरचं जुनं गेलं, पण ते बाकी दोन ठिकाणी होतंच.

"आता वाजवू नगा," अण्णा म्हणाले. "दसऱ्याला वाजवा. विहारात, समद्यांसमोर."

ऑपरेशन झालं. अण्णांच्या गळ्यात एक भोक राहिलं, त्यातून ते श्वास घ्यायचे, आणि त्यावर एक पांढरा रुमाल बांधलेला असायचा. मी दोन दिवसांसाठी नगरला आले तेव्हा ते गाणं क्लासमध्ये नेऊन त्यातली खरखर काढावी, म्हणजे अण्णा परत येतील तेव्हा तयार असेल, असं मनात आलं. एका फ्लॉपीत एक गाणं बसत नसे, म्हणून त्याचे तीन तुकडे करून तीन फ्लॉप्यांवर घेतले. क्लासच्या मशीनवर दोन उतरवले आणि लाईट गेली. लाईटची वाट बघत बसले तर खालच्या पीसीओवर पुण्याहून दादाचा फोन, जखमेतून रक्त येतंय, लगेच ये. तिसरी फ्लॉपी तिथल्या डब्यात टाकून मी पळाले. अण्णा त्यातून बचावले. गाणं घरी होतंच, त्यामुळे त्या फ्लॉपीची मला पुन्हा आठवण झाली नाही.

पुढचे महिने घरात विचित्र शांतता होती. अण्णांचे ओठ हलायचे, आवाज नाही. आई आणि मी ओठ वाचायला शिकलो. बाहेरची माणसं नुसती मान हलवायची आणि लवकर उठायची. त्यांना अण्णा न चुकता एक गोष्ट दाखवायचे. आधी आपल्या गळ्याकडे बोट, मग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे, आणि मग मूठ घट्ट मिटून छातीवर. आवाज गेला, पण तिथं ठेवलाय, सांभाळून. माणसं बघून डोळे पुसायची. मीही त्या मशीनवरची धूळ रोज झटकायचे.

दसरा आमच्याकडे धम्मदीक्षेचा दिवस. विहारात कार्यक्रम ठरला. अण्णा कोट घालून पुढे बसणार आणि कॉम्प्युटर स्पीकरला जोडून त्यांची गाणी वाजणार. क्रम त्यांनी स्वतः लावला. माऊस धरायची सवय नव्हती, ओळ निसटून भलतीकडेच जाऊन बसायची, पण ते चिकाटीनं बसून राहिले. आधी वंदन, मग प्रबोधनाची, मधे थोडी हसवायची, आणि सगळ्यात खाली आजीच्या टोपलीचं. ती शेवटची ओळ त्यांनी बोटानं पडद्यावर दाबून दाखवली.

आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, मला सुट्टी होती. आई-अण्णा विहारात तयारी बघायला गेले होते. यादी नीट वाजते का बघावं म्हणून मी एकेक गाण्याची सुरुवात ऐकत शेवटच्या ओळीवर आले. दाबलं. ढोलकी वाजली.

मला वाटलं चुकून वरची ओळ दाबली गेली. पुन्हा दाबलं. ढोलकी, शिट्ट्या, कोरस, आणि अण्णांचा तो मोठा, गावाचा आवाज. मी डिस्क धुंडाळली. त्या नावाचं एकच गाणं होतं आणि त्याची तारीख अगदी बरोबर होती. अण्णांनी घरात म्हटलेल्या गाण्यावर बरोबर तारीख असणं शक्यच नव्हतं. दादानं एफ-वन दाबला होता. त्या दुपारी आमच्या मशीनच्या लेखी ऐंशी साल चालू होतं. आमचं सगळ्यात नवं गाणं जन्मालाच वीस वर्षांचं म्हातारं म्हणून आलं. आणि दादानं डबा नागापूरला नेला, तेव्हा तिथल्या मशीननं दोन्ही तारखा बघितल्या आणि नव्यावर जुनं लिहून टाकलं.

दादा कंपनीतल्या मशीनपूजेचे पेढे घेऊन आला, तो पुडा मी त्याच्या हातातून भिरकावला. तोंडाला येईल ते बोलले.

"तूच म्हनली हुतीस ना, नवं ते खरं?" तो ओरडला. "मी काय मनानं केलं?"

मी त्याला पडद्यावरची तारीख दाखवली आणि एफ-वनची आठवण दिली. तो खाली बसला आणि पेढे गोळा करायला लागला, एकेक पेढा फुंकून पुड्यात ठेवत. "म्हंजी पयल्याच टायमाला गेलं आसंल," तो म्हणाला. "अण्णा दवाखान्यात हुते तवाच." म्हणजे इतके महिने अण्णा गळ्याकडून कॉम्प्युटरकडे बोट दाखवत होते आणि तिथं काहीच नव्हतं. पुसलेलं परत आणायच्या युक्त्या मला येत होत्या, पण हे पुसलेलं नव्हतं, त्याच्यावर दुसरं लिहिलेलं होतं.

तेव्हा मला ती तिसरी फ्लॉपी आठवली.

केडगावच्या स्टँडवर मिळेल त्या रिक्षात शिरले. रस्त्यावर झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांचे ढीग, आणि रिक्षा दर वळणाला थांबतेय. मी रिक्षावाल्यावर ओरडले, तो म्हणाला, "बाई, उडून नेऊ का?" क्लासचं दार बंद होतं, दारात रांगोळी. सर वरच्याच मजल्यावर राहायचे. त्यांनी कडी काढली. आत सगळ्या मशीनला हार, सीपीयूवर हळदीकुंकवाची बोटं, कीबोर्डवर झेंडू, आणि उदबत्तीचा वास.

"सर, एक मशीन लावायचंय. आत्ता."

"आज नाही हो," सर म्हणाले. "आज यंत्रांची पूजा, आज त्यांना हात लावायचा नसतो. उद्या मुहूर्तावर लावू. एका दिवसानं काय बिघडतंय?"

माझा तोल गेला. "सर, आमच्या घरातले देव आजीनं नदीला नेऊन सोडले, आणि आता तुमचे आडवे आलेत!"

सरांचा चेहरा पडला. मला वाटलं, हाकलून देतील आता. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि "काय झालं ते सांगा," एवढंच म्हणाले. मी सांगितलं. रडत, चिडत, उलटसुलट. त्यांनी त्या गाण्याचा ढोलकीवाला अवतार माझ्याबरोबर कितीदा तरी ऐकला होता. ऐकून झाल्यावर ते उठले, कोपऱ्यातल्या मशीनवरचं फूल उचललं, मशीनला हात जोडले, पुटपुटत काहीतरी क्षमा मागितली आणि बटण स्वतःच दाबलं.

पहिले दोन तुकडे होते. जसे ठेवले तसे. माझ्या जिवात जीव आला. पण त्या तुकडे करणाऱ्या प्रोग्रॅमची रीत अशी की शेवटचा तुकडा मिळाल्याखेरीज आधीचे उघडत नाहीत. मी फ्लॉप्यांचा डबा कुठंय विचारलं. सरांनी पूजेच्या पाटाकडे बोट केलं. डबा पाटावर होता, झाकण उघडं. फ्लॉप्या म्हणजे यंत्राचीच आयुधं, म्हणून त्यांनी त्यांचीही पूजा केली होती. हळद, कुंकू, अक्षता, आणि वरून तांब्यातलं पाणी. माझ्या अक्षरातली "अण्णा ३" ही फ्लॉपी सगळ्यात पुढे होती. तिच्या पत्र्याच्या झडपेखाली हळद ओली होऊन बसली होती.

सरांनी कापूस आणला, स्पिरिट आणलं. मी झडप सरकवून अलगद पुसलं, वाळू दिलं, फ्लॉपी घातली. ड्राइव्ह खरखरला. थांबला. पुन्हा खरखरला. वाचता येत नाही. पुन्हा. वाचता येत नाही.

"दुसऱ्या मशीनला लावून बघा," सर म्हणाले. "एखादा ड्राइव्ह उचलतो."

त्यांनी दुसऱ्या मशीनचा हार काढला. मग तिसऱ्याचा. सकाळी सोवळ्यानं मांडलेली पूजा त्यांनी आपल्या हातानं मोडली. बघता बघता सगळी मशीनं चालू झाली, सगळे हार जमिनीवर आले, आणि ती एक फ्लॉपी घेऊन आम्ही दोघं या मशीनकडून त्या मशीनकडे फिरत राहिलो. कुणीही ती वाचली नाही. शेवटी सर पाटावरच बसले. "पाणी मीच शिंपडलं," ते म्हणाले. ती हळदीनं गेली की आधीच खराब होती, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. सरांवर चिडायला हवं होतं, पण माझ्यात काही उरलंच नव्हतं. निघताना मी त्यांचे हार उचलून द्यायला लागले, तर ते म्हणाले, राहू द्या.

घरी आले तेव्हा दिवस कलला होता. अण्णा खुर्चीत बसले होते. काळा कोट ब्रश मारून खुंटीला टांगलेला. दादा दाराशी जमिनीकडे बघत उभा होता, म्हणजे त्यानं काही सांगितलं नव्हतं. आई आत चहा टाकत होती. मला बघून अण्णांचा चेहरा फुलला. त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं, मग सगळ्यात खालची ओळ दाखवली. लाव. उद्यापर्यंत त्यांना धीर निघत नव्हता.

खोटं बोलायचं वाटेत ठरवलं होतं. स्पीकर बिघडलाय, वायर तुटलीय, काहीही. पण त्यांच्या गळ्यावरचा तो पांढरा रुमाल श्वासाबरोबर हलत होता.

"अण्णा," मी म्हणाले, "ते घरातलं गाणं गेलं. पुसलं गेलं. आता कुठंच नाही."

त्यांनी दादाकडे बघितलं. दादाला रडू फुटलं. दोन्ही पोरांची तोंडं बघून अण्णांनी हात वर केला, त्या दुपारी ट्रकच्या हॉर्नला केला होता तसाच, आणि त्यांचे ओठ हलले. मला वाचायला काहीच अडचण आली नाही.

परत घेऊ.

वर केलेला हात मधेच थांबला, आणि सावकाश खाली येऊन गळ्यावरच्या रुमालावर टेकला. पुढचं 'त्यात काय' त्यांच्या ओठांवर आलं नाही.